रात्री सगळा स्क्रीन पिवळा, बाण मात्र पांढराच. असं का?

माटोळी (फोंडा)

मंडळी, फोंड्याला आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. चवथ तोंडावर आलीय, त्यामुळे आरत्यांच्या पुस्तिका, मंडळांची पावतीपुस्तकं, देणगीदारांच्या याद्या असं रात्री उशिरापर्यंत चालू असतं. डोळ्यांना त्रास नको म्हणून विंडोजच्या मशीनवर नाईट लाइट लावते. स्क्रीन पिवळसर होतो, पण माउसचा बाण पांढराशुभ्रच राहतो आणि डोळ्यात खुपतो.

दुसरी गंमत म्हणजे, गिऱ्हाइकाला "हा फोटो इथे घेऊ का" असं विचारायला बाण त्या जागी ठेवून स्क्रीनशॉट पाठवला, तर चित्रात बाणच नाही. गिऱ्हाईक विचारतंय, इथे म्हणजे कुठे?

खरी अडचण तिसरी. दुसऱ्या मशीनवर भाच्याने लिनक्स घालून दिलंय, त्यावर बाबा प्रूफं वाचतात. त्यांना बाण सापडत नाही म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात मोठा आकार ठेवला. तेव्हापासून तो अडखळत चालतो. आकार लहान केला की पुन्हा झकास. मशीन तेच, माउस तोच. बाण मोठा झाला म्हणून जड होतो की काय?

भाचा म्हणतो ड्रायव्हर बदलूया. चवथीआधी मी कशालाही हात लावू देणार नाही.

कदंबा_स्टँड (पणजी)

बाबांचा चष्मा बदल गो बाय. ड्रायव्हरपेक्षा तेच सोपं.

डिचोलीकर

ताई, तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपल्याला बाण स्क्रीनवरच्या चित्राचा भाग वाटतो, पण तो त्या चित्रात नसतोच.

स्क्रीनवर दिसणारं सगळं मेमरीत एका चित्राच्या रूपात असतं, त्याला फ्रेमबफर म्हणतात. ग्राफिक्समधला डिस्प्ले कंट्रोलर हे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा, वरून खाली, ओळीमागून ओळ वाचतो आणि मॉनिटरकडे पाठवतो. हार्डवेअर कर्सर म्हणजे याच कंट्रोलरला दिलेलं दुसरं, इवलंसं चित्र. पुष्कळ कार्डांवर ते जास्तीत जास्त ६४ बाय ६४ पिक्सेलचं असतं. सोबत दोन आकडे: डावीकडून किती, वरून किती. ओळ वाचताना कर्सरचा चौकोन लागला की कंट्रोलर तिथले पिक्सेल छोट्या चित्रातून घेतो, कडा अर्धपारदर्शक असतील तर दोन्हींचं मिश्रण करतो, चौकोन संपला की परत मोठ्या चित्राकडे वळतो. हे मिश्रण मेमरीत कुठेच लिहिलं जात नाही. वाचता वाचता होतं आणि थेट केबलमधून निघून जातं.

शाळेत ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवतोय? पारदर्शक कागदावर मजकूर, आणि बाई त्यावर पेन्सिल ठेवून ओळ दाखवायच्या. पेन्सिल सरकवली म्हणून कागद पुन्हा लिहावा लागत नव्हता. आणि त्या कागदाची झेरॉक्स काढली तर तिच्यात पेन्सिल येणार नाही. तुमच्या स्क्रीनशॉटचं तेच झालंय.

पांढऱ्या बाणाचंही तेच. काही कार्डांमध्ये नाईट लाइटचा रंगबदल मोठ्या चित्राच्या वाटेवर लागतो आणि कर्सर त्यानंतर वरून येतो, म्हणून तो कोराच राहतो. ज्या हार्डवेअरमध्ये आधी सगळे थर एकत्र होतात आणि मग रंगाचं टेबल लागतं, तिथे बाणही पिवळा होतो. त्यामुळे एकाच्या लॅपटॉपवर दिसणारी तक्रार शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर नसते.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये पॉइंटरला हवा तो रंग देता येतो. शेंदरी द्या किंवा काळ्या बाणाची योजना निवडा. स्क्रीनशॉटसाठी कर्सरसकट टिपणारा प्रोग्राम वापरा. ओबीएसमध्ये कर्सर टिपण्याची खूण असते, लिनक्सच्या नोम डेस्कटॉपमध्येही स्क्रीनशॉट घेताना पॉइंटर दाखवण्याचं बटण आहे. हे प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडून बाणाचं चित्र आणि जागा वेगळी मागून घेतात आणि नंतर चिकटवतात.

तिसऱ्या तक्रारीबद्दल एक विचारतो. नोमच असेल तर आकारांचे पाच पर्याय असतात. पाचवा निवडलात ना?

माटोळी

हो, पाचवा. नोमच आहे.

डिचोलीकर

मग हिशेब जुळला. ते पाच आकार २४, ३२, ४८, ६४ आणि ९६ पिक्सेलचे. तुमच्या मशीनच्या हार्डवेअरची मर्यादा ६४ असणार. ९६ चं चित्र तिथे मावत नाही, म्हणून डेस्कटॉपने हार्डवेअरचा नाद सोडला आणि बाण स्वतः चित्रात रंगवायला घेतला. हाच सॉफ्टवेअर कर्सर. बाण जड नाही झाला, त्याला उचलणारा बदलला.

खात्री करायची असेल तर एक खिडकी टायटलपाशी धरून जोरजोरात डावी-उजवी हलवा. आधी लहान बाणाने, मग मोठ्याने. लहान असताना बाण पुढे पळतो आणि खिडकी मागून येते, कारण बाण थेट कंट्रोलरला सांगून हलतो आणि खिडकी मात्र रंगवून होईपर्यंत एक-दोन फ्रेम मागे असते. मोठा असताना बाण आणि खिडकी एकमेकांना डकवल्यासारखे हलतील.

जुना_खेळाडू (मडगाव)

काय सुंदर विषय काढलाय! ज्यांनी विंडोज एक्सपी वापरलंय त्यांना ती डिस्प्लेमधली ट्रबलशूटची पट्टी आठवेल. हार्डवेअर अॅक्सिलरेशनची दांडी पूर्ण उजवीकडून एक घर डावीकडे सरकवली की खाली ओळ यायची की कर्सर आणि बिटमॅपचं अॅक्सिलरेशन बंद. आमच्याकडे गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतला कॉम्प्युटर होता. त्यावर बाणाच्या जागी अधूनमधून रंगीत ठिपक्यांचा चौकोन यायचा. ती दांडी एक घर मागे घेतली की बाण ठीक. तेव्हा देवाचं नाव घेऊन करायचो, खरं कारण आता कळतंय: ड्रायव्हर कर्सरचं चित्र हार्डवेअरला नीट देत नव्हता आणि ते घर म्हणजे सरळ सॉफ्टवेअर कर्सर.

जुन्या विंडोजचा कर्सर किती चिमुकला होता ते सांगतो. ३२ बाय ३२, आणि प्रत्येक पिक्सेलला फक्त दोन बिट, म्हणजे अख्खा बाण २५६ बाइटमध्ये. एक बिट अँड मास्कचा (मागचा रंग ठेवायचा की पुसायचा), एक एक्सऑरचा (मग तो उलटवायचा की नाही). दोन्ही ० असतील तर काळा. अँड ०, एक्सऑर १ तर पांढरा. अँड १, एक्सऑर ० तर पारदर्शक. दोन्ही १ असतील तर मागे जो रंग असेल तो उलटा. मजकुरावरचा तो उभा आय आकाराचा कर्सर या चौथ्या युक्तीवर चालायचा. पांढऱ्या कागदावर काळा, काळ्यावर पांढरा. पण मागे बरोबर मधला राखाडी असेल तर १२८ उलटून १२७ व्हायचा आणि कर्सर नाहीसा! फोटोवर मजकूर टाकणाऱ्या डीटीपीवाल्यांनी याला भरपूर शिव्या घातल्या असतील. (माटोळीताई मान डोलावत असणार.)

हार्डवेअर कर्सर ही काही आयबीएमची देणगी नव्हे. १९८५ च्या अमिगा कॉम्प्युटरमध्ये माउसचा बाण म्हणजे शून्य क्रमांकाचा स्प्राइट (हार्डवेअर स्वतः पडद्यावर हलवतं असं छोटं चित्र) होता, १६ पिक्सेल रुंद, तीन रंग आणि पारदर्शक. गेममधली विमानं ज्या यंत्रणेने उडायची तीच बाणाला लावली. १९८४ च्या मॅकिंटॉशकडे असलं काही नव्हतं. तिथे १६ बाय १६ चा बाण प्रोसेसर स्वतः रंगवायचा, तोही पडद्याची एक फेरी संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळात, म्हणून तो इतका स्थिर दिसायचा. पीसीच्या व्हीजीए ग्राफिक्सला अक्षरांच्या मोडमध्ये लुकलुकणारी दांडी हार्डवेअरमधून मिळायची, पण ग्राफिक्स मोडमध्ये बाण तुमचा तुम्ही काढा. आयबीएमच्या १९९० च्या एक्सजीए ग्राफिक्समध्ये ६४ बाय ६४ चा स्प्राइट आला. तो ६४ चा आकडा आज बाबांच्या बाणाला आडवा येतोय, बघा.

झुआरीपलीकडे

मी फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. हौस म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. ग्राफिक्स ड्रायव्हर वगैरे काही नाही, बूट करताना मिळणारा फ्रेमबफर आहे, त्यावरच रंगवतो. कर्सरसाठी नेहमीची पद्धत: जिथे बाण काढायचा तिथले पिक्सेल आधी जपून ठेवायचे, वर बाण काढायचा, हलला की जपलेले परत ठेवायचे.

दोन भानगडी आहेत. एक, क्यूएमूमध्ये (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) मस्त चालतं, पण खऱ्या लॅपटॉपवर बाण अक्षरशः रांगतो. दोन, खिडकी रंगत असताना माउस हलवला तर मागे बाणाचे तुकडे उरतात. सर म्हणतात इंटरप्ट (माउस हलला की प्रोसेसरला हातचं काम थांबवायला लावणारा इशारा) बंद करून बघ. केले, तर माउसच दगावला.

व्हीब्लँक (पर्वरी)

मी पोटापाण्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हरचंच काम करतो, तेव्हा इथे तोंड उघडायला हरकत नाही.

पहिली भानगड वाचनाची आहे. तू "जपून ठेवायचे" म्हणजे फ्रेमबफरमधून वाचतोयस. खऱ्या मशीनवर ती मेमरी बहुतेक वेळा राइट-कंबाइनिंग पद्धतीने जोडलेली असते. लिहिताना प्रोसेसर थोडंथोडं साठवून एकगठ्ठा पाठवतो, म्हणून लिहिणं वेगात होतं. वाचताना कॅश नाही, प्रत्येक वाचनाला पार कार्डापर्यंत जाऊन उत्तर येईपर्यंत प्रोसेसर ताटकळत उभा. क्यूएमूमध्ये फ्रेमबफर म्हणजे यजमान मशीनची, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरची, साधी रॅमच असते, म्हणून तिथे दुखणं दिसत नाही. उपाय: सगळं चित्र साध्या रॅममध्ये ठेव, त्यातच रंगव, आणि बदललेला भाग फ्रेमबफरवर फक्त लिही. फ्रेमबफरमधून वाचायचं कधीच नाही.

दुसरी भानगड क्रमाची. समज, बाणाखालचे पिक्सेल तू जपलेस. नंतर खिडकीने त्याच जागेवर नवीन मजकूर रंगवला. मग बाण हलला आणि तू जपलेले जुने पिक्सेल परत ठेवलेस. नवीन मजकुराच्या मधोमध जुन्या चित्राचा चौकोनी तुकडा उरला. उलटंही होतं: अर्धा बाण पुसून झालाय आणि तेवढ्यात रंगवणारा कोड आत शिरला. जुन्या सिस्टिम्स रंगवण्याआधी बघायच्या की हा भाग बाणाला शिवतोय का, शिवत असेल तर बाण लपवायच्या, रंगवून झालं की परत दाखवायच्या. म्हणून जुन्या विंडोजमध्ये मजकूर भरभर येत असताना बाण लुकलुकताना दिसायचा. तू तसलं काही करूच नकोस. इंटरप्टमध्ये फक्त माउसची जागा नोंदव, रंगवायचं काम एकाच ठिकाणी ठेव. आधी खिडक्या, शेवटी बाण, मग कॉपी. जपणं-परत ठेवणं हा प्रकारच उरत नाही.

एक्स विंडोजवाल्यांनी (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था, मायक्रोसॉफ्टचं विंडोज नव्हे) हार्डवेअर कर्सरचा फायदा घेऊन छान गोष्ट केली होती. २००० साली तिच्या एक्सफ्रीएटीसिक्स ४.० या आवृत्तीमध्ये माउसची हालचाल सिग्नल हँडलरमध्येच वाचून कर्सर हलवायची सोय आली. सर्व्हर, म्हणजे पडदा रंगवणारा मुख्य प्रोग्राम, दुसऱ्या कामात गुंतलेला असला तरी बाण थांबायचा नाही. कार्डाच्या दोन रजिस्टरांमध्ये (आकडे ठेवायच्या जागांमध्ये) आकडे लिहायचे, बस. पुढे २०१६ च्या एक्सऑर्ग १.१९ मध्ये त्याच कामाला वेगळा थ्रेड आला. मोठं पीडीएफ उघडताना सगळं गोठतं तरी बाण फिरत राहतो, तो अशा वेगळ्या वाटेमुळेच.

आल्तिन्यो

हे सगळं इतिहास म्हणून ठीक आहे. पण आजच्या घडीला कंपोझिटर दर फ्रेमला सगळ्या खिडक्या जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) एकत्र रंगवतोच. त्यात बाणाचा एक चौकोन आणखी, त्याने जीपीयूला काय फरक पडतो? हार्डवेअर कर्सरची कटकटच जास्त. आकाराची मर्यादा, स्क्रीनशॉटमध्ये नाही, रंग जुळत नाही, मॉनिटर उभा केला तर कर्सर प्लेन (कर्सरचा थर) ९० अंशात फिरतच नाही, कंपोझिटरने चित्र आणि टोकाची जागा दोन्ही फिरवून द्यायची. मी लिनक्सवर सरळ सॉफ्टवेअर कर्सर लावून टाकतो. खिडकी ओढताना बाण पुढे पळत नाही, हे वर मिळतं ते वेगळंच.

व्हीब्लँक

यातलं निम्मं मान्य. ओढताना दोन्ही एकत्र दिसतात हे खरं. पण ते एकत्र दिसतात कारण बाणही खिडकीइतकाच उशिरा येतो. हाताला तो उशीर कळतो, भले नाव सांगता येवो न येवो.

आता जीपीयूचं. तुझा स्क्रीन १९२० बाय १०८०, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एक फ्रेम सुमारे ८.३ एमबी. मान्य की आजचे कंपोझिटर बदललेला तुकडाच रंगवतात, अख्खी फ्रेम नाही. तरी वाचताना जिथे स्क्रीनवर काहीच बदलत नव्हतं तिथे बाण हलला म्हणून जीपीयूला उठवून नवी फ्रेम काढावी लागते. हार्डवेअर कर्सरमध्ये ६४ बाय ६४ चं चित्र १६ केबीचं, ते एकदाच पोचवलं की पुढे फक्त जागा बदलायची. लॅपटॉप बॅटरीवर असेल, आणि गोव्यात पावसाळ्यात वीज जाण्याचं काही नवल नाही, तर हा फरक फुकटचा घालवू नये.

सगळ्यात वाईट फटका व्हिडिओ आणि गेमला. पूर्ण स्क्रीनवर एकच खिडकी असेल तर कंपोझिटर बाजूला होतो आणि त्या प्रोग्रामचं चित्र थेट कंट्रोलरला देतो. सॉफ्टवेअर बाण दिसायला लागला की ही सोय मोडते, कारण बाण रंगवायला पुन्हा सगळं एकत्र करणं आलं. आणि गेम सेकंदाला २० फ्रेमवर आला की गेमने स्वतः रंगवलेला बाणही २० वर येतो. स्ट्रॅटेजी गेमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर कर्सरची खूण असते ती याचसाठी. गेम धापा टाकत असला तरी बाण मॉनिटरच्या चालीने चालतो आणि निदान "सेव्ह"वर नीट दाबता येतं.

पण तुझ्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी तू बोलला नाहीस. लिनक्सची नवी अॅटॉमिक पद्धत सगळे थर एकाच हुकमात बदलते, फ्रेमला एकदा. कंपोझिटरने बाणाची हालचाल जड फ्रेमसोबत बांधून पाठवली तर हार्डवेअर कर्सर असूनही तो त्या फ्रेमची वाट बघत बसतो. म्हणून कर्सर हलवण्याच्या जुन्या हुकमाला कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) अजून वेगळी वागणूक आहे. माझ्या मते हा सगळ्या डिस्प्ले कोडमधला सर्वांत ओंगळ कोपरा आहे, आणि तरी तो काढला तर पहिली तक्रार माझ्याच घरून येईल.

आल्तिन्यो

बरं, बॅटरीचं पटलं. डेस्कटॉपवर मात्र मी माझंच करणार.

कदंबा_स्टँड

करा हो. तुमचा बाण, तुमचं लक्ष्य.

माटोळी

खिडकी हलवून बघितली. अगदी डिचोलीकरबाब म्हणाले तसंच! लहान बाण पुढे पळतो, मोठा डकतो. बाबांना पण दाखवलं, ते पाच मिनिटं खिडकीच हलवत बसले, प्रूफ बाजूला.

चौथा आकार लावला, म्हणजे ६४ चा. तरी अडखळतोय. तिसऱ्यावर नाही. तुमचं गणित इथे चुकतंय का?

डिचोलीकर

गणित ठीक आहे, थीम नडतेय. ६४ हा नावापुरता आकार असतो. पुष्कळ थीममध्ये बाणाभोवती रिकामी पारदर्शक कड ठेवलेली असते, आणि हार्डवेअरला कडेसकट अख्खं चित्र द्यावं लागतं. ते ६४ च्या पुढे गेलं की पुन्हा तोच प्रकार. स्केलिंगही बघा. मॉनिटर २०० टक्क्यांवर असेल तर ४८ चा बाण प्रत्यक्षात ९६ चा होतो. तुमचं १०० वरच दिसतंय, नाहीतर तिसराही अडखळला असता.

तिसऱ्या आकारावरच ठेवा आणि थीम बदला. जाड, भरीव, काळी कड असलेला पिवळा बाण घ्या. बाबांना आकारापेक्षा तो पाठीमागच्या पांढऱ्या पानावर उठून दिसणं महत्त्वाचं आहे. ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही. अलीकडच्या इंटेल आणि एएमडीच्या बऱ्याच चिपांवर २५६ बाय २५६ पर्यंतचा कर्सर चालतो, मशीन बदलाल तेव्हा पाचवा आकारही बिनधास्त लावा.

माटोळी

पिवळा जाड बाण लावला. बाबा खूश, "हा आता सापडतो" म्हणाले. विंडोजवर शेंदरी केला, तोही रात्री खुपत नाही. भाच्याला हा धागा पाठवलाय. देव बरें करूं, सगळ्यांचं.

झुआरीपलीकडे

व्हीब्लँकसर, साध्या रॅममध्ये रंगवून शेवटी कॉपी, हे केलं. लॅपटॉपवर आता पळतो. तुकडे पण गेले.

आता क्यूएमूच्या व्हर्टिओ जीपीयू या खोट्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर लिहितोय. त्यात कर्सरसाठी वेगळी रांग आहे आणि चित्राबरोबर हॉटस्पॉटचे (चित्रातला ज्या बिंदूवर क्लिक पडतं तो) आकडे मागतो. खऱ्या कार्डाला तर फक्त चित्र आणि जागा लागते असं वर वाचलं. मग इथे हे कशाला?

व्हीब्लँक

सर वगैरे नको रे. खऱ्या कार्डाला हॉटस्पॉट लागत नाही, कारण बाणाचं टोक कुठे आहे याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम आधीच करते आणि चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याची जागा कार्डाला देते. व्हर्च्युअल मशीनमध्ये बाण सहसा पाहुणी, म्हणजे आत चालणारी, सिस्टिम काढत नाही. यजमान मशीन पाहुण्याचं चित्र घेतं आणि स्वतःच्या खऱ्या कर्सरवर चढवतं, म्हणून तर खिडकीच्या आत-बाहेर जाताना उशीर जाणवत नाही. आता यजमानाला माउस कुठे आहे ते माहीत आहे, पण त्या चित्रातलं टोक कुठलं हे कळायला मार्ग नाही. बाणाला टोक वरच्या कोपऱ्यात असतं म्हणून निभावतं, पण आय कर्सर किंवा अधिक चिन्हाचा मध्य टोक असतो. हॉटस्पॉट ०,० पाठवलास तर त्या कर्सरने केलेलं प्रत्येक क्लिक दिसतं त्यापेक्षा वर आणि डावीकडे पडेल.

आय कर्सर लावून दोन अक्षरांच्या मधे क्लिक करून बघ. बरोबर पडलं तर आकडे ठीक आहेत.